सिलिकॉन नायट्राइड : पदार्थ एक, भट्टीप्रमाणे गुण अनेक



या पानावर आपण नेहमी बेणे, खोडवा, खत आणि पाणी यांविषयी वाचता. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गटसभांतून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले. पहिला प्रश्न असा : "बॉयलरच्या राखेपासून म्हणे लोखंडापेक्षा कठीण असा सिलिकॉन नायट्राइड नावाचा महाग पदार्थ होतो. मग आपण राख मातीमोल का घालवायची?" दुसरा प्रश्न : "पंपासाठी सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग घ्या, जन्मभर जाईल, असं दुकानदार सांगतो. घ्यावं का?"

दोन्ही प्रश्न पैशाचे आहेत, म्हणून उत्तर नीट समजून घेतलेले बरे. दोन्हींची किल्ली एकाच गोष्टीत आहे. सिलिकॉन नायट्राइड हे नुसते नाव आहे. त्याचा कस नावावर ठरत नाही, तो कसा भाजला यावर ठरतो. ती भाजणी कशी असते ते आधी पाहू आणि मग राखेकडे व बेअरिंगकडे वळू.

हा पदार्थ आहे तरी काय?

वाळूत, मातीत आणि आपल्या उसाच्या पाचटातही सिलिकॉन असतो. हवेचा पाऊण हिस्सा, थोडा अधिकच, नायट्रोजन आहे. सिलिकॉनचे तीन अणू आणि नायट्रोजनचे चार अणू घट्ट बांधले गेले की सिलिकॉन नायट्राइड होतो. तो खाणीतून काढता येत नाही, कारखान्यातच बनवावा लागतो. देव्हील आणि व्होलर या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १८५७ साली तो प्रथम तयार केल्याचे सांगितले. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. १९५० नंतर इंग्लंडात त्याच्या नळ्या व मुशी होऊ लागल्या आणि मग इंजिनवाल्यांचे लक्ष तिकडे गेले.

त्याचे गुण असे. एका घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ३.२ ग्रॅम भरते. पोलादाचे ७.८ भरते, म्हणजे हा पोलादाच्या निम्म्याहूनही हलका. चांगला भाजलेला तुकडा बेअरिंगच्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट कठीण असतो. तापला तर पोलादाच्या साधारण एक चतुर्थांश एवढाच फुगतो. गंजत नाही. विजेचा प्रवाह त्यातून जात नाही. म्हणूनच यंत्रांच्या वेगवान स्पिंडलची बेअरिंगे, बीड कापण्याची हत्यारे, डिझेल इंजिनचे ग्लो प्लग आणि वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये बुडवायच्या नळ्या यांसाठी तो वापरतात. जपानच्या निसान कंपनीने १९८५ साली मोटारीच्या टर्बोचार्जरचे चाक या पदार्थाचे करून बाजारात आणले होते.

दोष एकच, पण मोठा. पोलाद जास्त भार आला तर आधी वाकते, म्हणजे इशारा देते. हा वाकत नाही, एकदम फुटतो. हा दोष किती कमी करता येईल हे सर्वस्वी भाजणीवर आहे.

ओतता येत नाही, इथून अडचण सुरू

लोखंड वितळवून साच्यात ओततात. सिलिकॉन नायट्राइडचे तसे नाही. साध्या दाबाच्या नायट्रोजनमध्ये तो तापवत नेला तर १८५० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळायच्या आतच विघटन पावू लागतो. नायट्रोजन उडून जातो आणि सिलिकॉन मागे राहतो. म्हणून त्याची भुकटी करायची, ती साच्यात दाबून आकार द्यायचा आणि मग भाजून कण एकमेकांना सांधायचे, हाच मार्ग उरतो. कुंभाराचे काम, पण फार कडक शिस्तीचे.

गुऱ्हाळाचे उदाहरण घ्या. रस तोच असतो. मळी नीट काढली नाही तर गूळ काळा पडतो. काहील लवकर उतरवली तर काकवी राहते. जाळ जास्त झाला तर गूळ करपतो. गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो आणि नेमक्या क्षणी काहील उतरवतो. रसाचा भाव आणि ढेपेचा भाव यांतला फरक त्या नजरेचा आहे. सिलिकॉन नायट्राइडचेही असेच आहे. फक्त इथे भट्टीची उष्णता खूपच जास्त असते आणि चूक झाली तर ती डोळ्यांना दिसत नाही.

पहिली रीत : भट्टीतच पदार्थ घडवणे

सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत अशी : शुद्ध सिलिकॉनची भुकटी दाबून वस्तूचा आकार द्यायचा. ती वस्तू नायट्रोजनच्या भट्टीत १२०० ते १४५० अंशांपर्यंत तापवायची. नायट्रोजन आत शिरतो आणि सिलिकॉनशी संयोग होऊन जागच्या जागी नायट्राइड तयार होतो. साठ किलो सिलिकॉन साधारण चाळीस किलो नायट्रोजन घेतो आणि शंभर किलो माल होतो. गंमत अशी की एवढे वजन वाढूनही वस्तूचा बाहेरचा आकार बदलत नाही. वाढलेला माल आतल्या पोकळ्यांत भरत जातो. त्यामुळे हवी तशी बारीक नक्षीची वस्तू आधीच कातून ठेवता येते.

पण दोन पथ्ये आहेत. सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतो आणि नायट्रोजनशी संयोग होताना त्याची स्वतःची उष्णता बाहेर पडते. म्हणजे भट्टी १३०० अंशांवर असली तरी वस्तूच्या पोटात तापमान त्याहून पुढे जाऊ शकते. घाई केली की आतला सिलिकॉन वितळून थेंब होतात, नायट्रोजनला वाट राहत नाही आणि तिथे मऊ गाठी उरतात. म्हणून ही भाजणी टप्प्याटप्प्याने, कित्येक तास आणि कधी कधी काही दिवस चालते. दुसरे पथ्य जाडीचे. फार जाड वस्तूत नायट्रोजन मध्यापर्यंत पोहोचत नाही, गाभा कच्चा राहतो.

सगळे नीट केले तरीही या रीतीत पंधरा ते पंचवीस टक्के जागा पोकळ राहते. वस्तू आतून जाळीदार असते. तिची वाकण्याविरुद्धची ताकद चौरस सेंटिमीटरला साधारण दोन ते तीन हजार किलो भरते. भट्टीतले सामान, नळ्या, मुशी यांना एवढे पुरते. बेअरिंगच्या गोळीला मुळीच पुरत नाही.

दुसरी रीत : पाक घालून सांधणे

पोकळ्या घालवायच्या तर तयार नायट्राइडची भुकटी घेऊन ती घट्ट होईपर्यंत भाजायला हवी. पण हे कण एकमेकांना सहजी चिकटत नाहीत. त्यांच्यातले बंध इतके पक्के असतात की कितीही तापवले तरी अणू जागचे हलायला तयार नसतात. यावर इंग्लंडात डीली, हर्बर्ट आणि मूर यांनी १९६१ साली तोडगा प्रसिद्ध केला. भुकटीत थोडा मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळून तिला ग्रॅफाइटच्या साच्यात तापत असतानाच दाब द्यायचा.

हे का जमते? नायट्राइडच्या प्रत्येक कणावर सिलिकेचा पातळ थर असतोच. मॅग्नेशियम ऑक्साइड त्या सिलिकेशी मिळून पाक तयार करतो. हा पाक कणांच्या फटीत शिरतो, त्यांना ओढून जवळ आणतो आणि पोकळ्या बुजवतो. १७०० ते १८०० अंश उष्णता आणि चौरस सेंटिमीटरला दोन-तीनशे किलो दाब दिला की माल जवळजवळ भरीव होतो. ताकद एकदम सात हजार ते दहा हजार किलोपर्यंत जाते. पहिल्या रीतीच्या तिप्पट-चौपट! पदार्थाचे नाव मात्र तेच.

पण फुकट काहीच मिळत नाही. थंड झाल्यावर हा पाक काच होऊन कणांच्या सांध्यात राहतो. त्याचा थर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा पातळ असतो, पण वस्तू पुन्हा तापली की तोच आधी मऊ पडतो. मॅग्नेशियम घातलेला माल १००० अंशांच्या पुढे ढिला पडू लागतो. भुकटीत कॅल्शियमचा, म्हणजे चुन्याचा, अंश असेल तर आणखी आधी. पुढे मॅग्नेशियमच्या जागी इट्रियम नावाच्या धातूचे ऑक्साइड वापरू लागले. त्याची काच जास्त उष्णतेला टिकते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॅक यांनी आणि जपानमध्ये ओयामा यांनी स्वतंत्रपणे दाखवले की अॅल्युमिनियम व ऑक्सिजन नायट्राइडच्या कणातच सामावून घेता येतात. त्या मालाला सायालॉन म्हणतात. पाकातला बराच भाग कणात मुरल्याने सांध्यात काच कमी राहते.

चुना हा आपल्या कारखान्यात रस निवळण्यासाठी लागतो, पण या कामात तो घातक आहे. राखेचा विचार करताना हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

एकाच चाकात दोन रीती

भाजणीने किती फरक पडतो याचे छान उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील संरक्षण खात्याने १९७१ साली सिरॅमिक टर्बाइनचे काम हाती घेतले आणि त्यात फोर्ड कंपनी होती. टर्बाइनच्या चाकाला मध्ये जाड तुंबा असतो आणि कडेला वाकडी पाती असतात. चाक फिरताना सर्वांत जास्त ताण तुंब्यावर येतो, म्हणून तो गरम दाबून केलेल्या भरीव मालाचा हवा. पण पात्यांचा वाकडातिकडा आकार गरम दाबून होत नाही. ती पहिल्या रीतीनेच, आकार न बदलता, नीट होतात. म्हणून फोर्डच्या लोकांनी तुंबा दुसऱ्या रीतीचा आणि पाती पहिल्या रीतीची, असे जोडचाक केले. दोन्ही भाग सिलिकॉन नायट्राइडचेच. पण ज्या भागाला जो गुण हवा, त्याप्रमाणे त्याची भट्टी वेगळी.

दाणा कसा धरतो?

आता यातले सर्वांत महत्त्वाचे. ज्यांनी पॅनवर साखर शिजताना पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल.

सिलिकॉन नायट्राइडच्या कणांचे दोन मुख्य प्रकार आहेत, अल्फा आणि बीटा. चांगल्या भुकटीत अल्फा जास्त असतो. भट्टीत पाक झाला की अल्फाचे कण त्यात विरघळतात आणि त्याच पाकातून बीटाचे दाणे बाहेर पडतात. साखरेचा दाणा मोठा होतो तो चौफेर. बीटाचा दाणा मात्र लांबट, काडीसारखा वाढतो. अशा असंख्य काड्या एकमेकींत अडकून बसतात.

या काड्यांमुळेच पदार्थाचा ठिसूळपणा कमी होतो. भिंतीच्या गाऱ्यात आपण भुसकट का घालतो? भेग पडली तर ती सरळ जाऊ नये, काडीपाशी अडावी म्हणून. इथेही तसेच. भेग काडीला अडते, वळसा घेते, काडी उपसावी लागते आणि त्यात तिचा जोर संपतो.

आता भट्टीवाल्याची कसोटी पाहा. उष्णता कमी किंवा वेळ कमी पडला तर अल्फा पुरता विरघळत नाही, काड्या आखूड राहतात, माल कठीण पण ठिसूळ होतो. उष्णता किंवा वेळ फार झाला तर काही काड्या बाकीच्यांना गिळून जाड होतात. भेग अडवायला त्या बऱ्या, पण फार जाड काडी हीच एक कमकुवत जागा ठरते आणि ताकद उतरते. पॅनमध्ये जसे बी टाकून दाणा एकसारखा धरवतात, तसे इथेही भुकटीत बीटाचे थोडे बारीक दाणे बी म्हणून मिसळतात. पॅनमध्ये पाक बिघडला की खोटा दाणा पडतो आणि सेंट्रिफ्युगलवर डोकेदुखी होते, ते आपले केमिस्ट सांगतील. भट्टीतली चूक मात्र धुऊन काढता येत नाही.

दाब कशासाठी?

काड्या चांगल्या वाढायला १८५० च्या वरची उष्णता बरी, पण तिथे तर पदार्थ विघटन पावू लागतो. यावर उपाय असा की भट्टीतला नायट्रोजन दाबाखाली ठेवायचा. प्रेशर कुकरचे झाकण लावल्यासारखे. नायट्रोजनचा दाब शंभर वातावरणांपर्यंत नेला की १९०० ते २००० अंशांवरही पदार्थ टिकतो आणि नीट घट्ट होतो.

याहून पुढची रीत म्हणजे आधी भाजलेली वस्तू पुन्हा एका जाड पोलादी टाकीतल्या भट्टीत ठेवून तिला सर्व बाजूंनी एक ते दोन हजार वातावरणांचा वायूचा दाब देणे. उरलीसुरली सूक्ष्म पोकळी चेपून जाते. बेअरिंगच्या उत्तम प्रतीच्या गोळ्या या रीतीने करतात. अशा भट्ट्या महाग आणि चालवायला खर्चिक असतात. गोळीच्या किमतीत त्यांचा वाटा मोठा आहे.

घाण, गाठ आणि ओरखडा

भट्टी कितीही चांगली असली तरी आधीचे आणि नंतरचे काम चुकले तर माल वाया जातो. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच मजबूत असते. या पदार्थाचेही तसेच. सरासरी ताकद किती याला महत्त्व कमी, सर्वांत मोठा दोष किती मोठा याला जास्त.

१. भुकटीत गाठ राहिली तर भाजताना तिथे पोकळी होते.

२. लोखंडाचा कण किंवा इतर घाण राहिली तर तिथून भेग सुरू होते.

३. भाजताना वस्तू आकसते. लांबीत सहावा हिस्सा किंवा थोडी जास्तच. दहा मिलिमीटरची गोळी हवी तर कच्ची गोळी बारा मिलिमीटरची करावी लागते. साच्यात दाब एकसारखा नसेल तर आकसणे कमीजास्त होते आणि वस्तू वाकडी होते.

४. शेवटी हिऱ्याच्या भुकटीनेच तासून गुळगुळीत करावी लागते. हे काम फार वेळखाऊ आहे. घाईने तासले तर बारीक ओरखडे पडतात आणि तेच उद्याच्या भेगा होतात. गोळ्या एकमेकींवर आदळल्या तरी चंद्रकोरीसारखी भेग पडते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणूनच एकाच घाण्यातल्या वस्तूंची ताकदही कमीजास्त निघते. चांगला कारखानदार प्रत्येक घाण्यातले नमुने तोडून पाहतो, फरक मोजतो आणि नंतरच माल बाहेर पाठवतो. किंमत पडते ती या तपासणीचीही.

आता आपल्या राखेकडे

ऊस हे सिलिकॉन भरपूर उचलणारे पीक आहे. ताट ताठ राहण्यास आणि किडीला तोंड देण्यास त्याची मदत होते. बगॅस जळाल्यावर तो सिलिका होऊन राखेत राहतो. राखेत सिलिकेचा वाटा निम्म्याहून बराच जास्त असतो. तेव्हा राखेत सिलिकॉन आहे, हे व्यापाऱ्याचे म्हणणे खरे आहे.

सिलिकेत शुद्ध कोळशाची पूड मिसळून नायट्रोजनमध्ये १४०० ते १५०० अंशांवर भाजले की नायट्राइड होतो, हेही खरे. हिशेबाने शंभर किलो शुद्ध सिलिकेला चाळीस किलो कार्बन लागतो आणि सगळे जमले तर अठ्ठ्याहत्तर किलो नायट्राइड मिळतो. भाताच्या तुसाच्या राखेपासून संशोधकांनी असा नायट्राइड केलाही आहे. पण इथेही भट्टीचे पथ्य आहेच. उष्णता थोडी जास्त झाली की नायट्राइडऐवजी सिलिकॉन कार्बाइड होऊ लागतो. तयार होणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू सतत बाहेर काढावा लागतो, नाहीतर काम पुढे सरकत नाही.

आणि मुख्य अडचण राखेतच आहे. आपल्या राखेत सिलिकेबरोबर पालाश, चुना, लोह आणि मळ्यातून उसाला चिकटून आलेली माती-वाळू असते. पालाश आणि चुना सांध्यातली काच मऊ करतात, लोह डाग पाडते. ते काढायचे तर राख आम्लाने धुवावी लागते. त्याचे सांडपाणी कुठे सोडायचे हा आणखी एक प्रश्न. शिवाय बॉयलरच्या कडक जाळात सिलिकेचा काही भाग स्फटिकरूप होतो आणि तो रासायनिक क्रियेला आळशी असतो. कमी उष्णतेवर सावकाश जाळलेल्या तुसाची सिलिका जास्त तत्पर असते. म्हणजे राखेचा गुणसुद्धा ती कशी जळाली यावरच! अशा राखेची बारीक धूळ फुप्फुसांनाही वाईट, म्हणून ती हाताळताना ओली करावी आणि तोंडाला फडके बांधावे.

चांगल्या प्रतीची भुकटी करणारे कारखाने शुद्ध सिलिकॉनपासून किंवा शुद्ध रसायनांपासून सुरुवात करतात. कारण कच्च्या मालात वाचवलेले चार पैसे भट्टीत दहापट होऊन जातात. वाळू तर याहूनही स्वस्त आहे. सिलिका दुर्मिळ असती तर राखेला सोन्याचा भाव आला असता. दुर्मिळ आहे ती शुद्धता आणि भाजणी.

म्हणून माझे स्पष्ट मत असे. राखेला चांगला भाव मागावा, पण तो राखेच्या पृथक्करणावर मागावा, सिरॅमिकच्या नावावर नाही. विटा, सिमेंटचे काम, कंपोस्ट हे तिचे रोजचे उपयोग आहेत आणि त्यांचा हिशेब कागदावर मांडता येतो. "राखेपासून सिरॅमिक" असे सांगून कोणी सभासदांकडून अनामत किंवा भागभांडवल मागू लागला तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : धुतल्यानंतर राखेत चुना, पालाश व लोह किती उरतात? भाजणी कोणत्या भट्टीत आणि कोणत्या दाबाखाली होणार? तयार मालाच्या ताकदीचा दाखला कोणत्या प्रयोगशाळेचा? उत्तर गुळमुळीत आले तर हात जोडावेत आणि खिसा बंद ठेवावा.

आणि बेअरिंगचे काय?

सिरॅमिक गोळ्या आणि पोलादी कड्या असे जोडबेअरिंग ही खरोखर चांगली वस्तू आहे, पण योग्य जागी. ज्या मोटारी व्हीएफडीवर चालतात, म्हणजे ज्यांचा वेग इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने कमीजास्त करतात, त्यांच्या शाफ्टवर थोडी वीज साठू शकते. ती बेअरिंगमधून ठिणगी होऊन उतरते, कड्यांवर बारीक खड्डे पडतात, मग धुण्याच्या पाट्यासारखे पट्टे उठतात आणि बेअरिंग ओरडू लागते. गोळी सिलिकॉन नायट्राइडची असेल तर तिच्यातून वीज जात नाही. साखर कारखान्यात मोठ्या मोटारी बऱ्याच ठिकाणी व्हीएफडीवर असतात. तिथे हा खर्च पटण्याजोगा आहे.

आपल्या विहिरीवरचा थेट लाइनवर चालणारा साधा मोनोब्लॉक पंप असेल तर मात्र ही अडचण नसते. तिथे चांगल्या नावाचे पोलादी बेअरिंग, योग्य ग्रीस, सरळ बसवलेला शाफ्ट आणि पाण्यापासून राखलेले सील एवढे पुरते. अशा पंपाचे बेअरिंग बहुतेक वेळा पाणी शिरून आणि ग्रीस सुकून जाते. सिरॅमिक गोळी त्यावर औषध नाही, कारण कड्या पोलादीच असतात आणि त्या गंजतातच.

तरीही कोणाला घ्यायचेच असेल तर "सिरॅमिक" या एका शब्दावर पैसे देऊ नयेत. सिरॅमिक म्हणजे अॅल्युमिना असू शकते, झिर्कोनिया असू शकते किंवा सिलिकॉन नायट्राइड. पहिली दोन बहुधा पांढरी, तिसरी बहुधा राखाडी ते काळी. पण रंग हा पुरावा नव्हे. आणि सिलिकॉन नायट्राइड असले तरी कोणत्या भट्टीचे हा प्रश्न राहतोच. बेअरिंग करणाऱ्या नामांकित कारखान्याचा माल, त्याचा क्रमांक आणि पावती हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा.

शेवटी

थोडक्यात सांगायचे तर, नाव तेच असले तरी जाळीदार माल दोन-तीन हजार किलोला मोडतो आणि भरीव माल दहा हजारापर्यंत टिकतो. फरक भुकटीची शुद्धता, पाक, उष्णता, वेळ आणि दाब या पाच गोष्टींचा. विकत घेताना किंवा विकताना यांतल्या पाचांचीही चौकशी करावी.

या पाचांतली पहिली, शुद्धता, ही आपल्याही हातातली आहे. पाल्यामुळ्यांसह आणि चिखलासह आलेला ऊस रसात माती आणतो, रोलर झिजवतो, बगॅस नीट जळू देत नाही आणि राखेचा कस घालवतो. राखेला उद्या कोणताही चांगला उपयोग सापडला तरी स्वच्छ उसाचीच राख आधी विकली जाईल. तोडणी जमिनीलगत, वाढे कापून, मुळ्या-माती झाडून करून घ्यावी. तोडणी टोळीला तसे बजावणे हे सभासदाचे काम आहे. स्लिपबॉयकडे तक्रार नोंदवल्यास आमचा विभाग त्याच दिवशी फडावर येईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी